तेल दुप्पट, तरी पिस्टन जाम: एका येझदी २५० चं प्रकरण

गाडी १९७६ ची येझदी २५०. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागेतल्या मोटारीच्या खोलीत ती अकरा वर्षं उभी होती. टाकीत जुन्या पेट्रोलचा चिकट राळ, सायलेन्सरमध्ये उंदराचं घरटं. किक मात्र फिरत होती, म्हणजे इंजिन गंजून चिकटलेलं नव्हतं. मालकाला ती घरच्या आठवणीसाठी चालू हवी होती, रोजच्या वापरासाठी नाही.

हिवाळ्यात इंजिन पूर्ण उघडलं गेलं. मूळ ६५ मिलिमीटरचा सिलिंडर ६५.५० वर बोअर झाला. नवं पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) आली. कनेक्टिंग रॉडचं किट, दोन्ही बाजूंची मेन बेअरिंग आणि ऑइल सीलही नवीन टाकले. कागदावर पाहिलं तर काहीच राहिलेलं नव्हतं. लिटरला ५० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल), म्हणजे १:२० चं मिश्रण घालून गाडी रस्त्यावर आली आणि सत्तर किलोमीटरवर, सावदा ते रावेर दरम्यानच्या सपाट रस्त्यावर, पंचावन्नच्या वेगात मागचं चाक घासत थांबली.

पिस्टन काढलं तेव्हा त्यावर चार ओरखडे होते. गजन पिनच्या दोन्ही तोंडांच्या आजूबाजूला, चार कोपऱ्यांत उभे. मापल्यावर पिस्टन आणि सिलिंडरमधली जागा अवघी ०.०५ मिलिमीटर निघाली. लेथवाल्याने ‘घट्ट बसवलं म्हणजे जास्त टिकेल’ या हिशेबाने ठेवली होती. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६५ मिलिमीटरच्या व्यासावर, दोघांचं तापमान शंभर अंशांनी वाढलं की मधली जागा साधारण ०.०६ ने कमी होते, आणि पिस्टन तर सिलिंडरपेक्षा नेहमी जास्तच तापलेलं असतं. ०.०५ मध्ये ते मावणारच नव्हतं. चार कोपऱ्यांचे ओरखडे ही जागा कमी असल्याची खूण आहे, कारण गजन पिनच्या आजूबाजूला धातू जाड असतो आणि तोच आधी फुगून भिंतीला टेकतो.

सिलिंडर होन करून, म्हणजे दगडाने आतून बारीक घासून, जागा ०.०८ केली, त्याच मापाचं दुसरं पिस्टन आणलं. इथपर्यंत ठीक. पण त्याच वेळी गावातल्या प्रत्येक जाणकाराने एकच सल्ला दिला, ‘तेल कमी पडलं भो,’ आणि लिटरला ५० ऐवजी ८० मिली तेल पडू लागलं. दुसऱ्यांदा गाडी चाळीस किलोमीटरवरच जाम झाली. तेल आधीच्या दीडपटीहून जास्त, आणि नेहमीच्या १:२५ च्या (लिटरला ४० मिली) प्रमाणाच्या दुप्पट. जागाही पुरेशी. एप्रिल संपत आला होता, दुपारी पारा ४३ च्या पुढे. त्यामुळे दोष उन्हावर गेला.

दोन पिस्टन शेजारी ठेवल्यावर

जळगावच्या गॅरेजमध्ये इंजिन आलं तेव्हा मालकाने दोन्ही पिस्टन पिशवीत घालून आणली होती, हे फार चांगलं झालं. जाम झालेलं पिस्टन भंगारात टाकणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं.

दुसऱ्या पिस्टनवर चार कोपरे स्वच्छ होते. ओरखडे फक्त पुढच्या, एक्झॉस्टच्या बाजूला होते, वरच्या कडेपासून सुरू होऊन रिंगांवर अ‍ॅल्युमिनियम फासत खाली गेलेले. डोक्यावरची काजळी मधोमध फिकट राखाडी, कडेला जवळजवळ उघडा धातू. प्लगचं पांढरं पोर्सेलिन पांढरंच राहिलेलं, त्यावर बारीक चमकणारे ठिपके: ते वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे कण. हे सगळं अति उष्णतेचं लक्षण आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये ही उष्णता बहुतेक वेळा पेट्रोल कमी, हवा जास्त अशा लीन मिश्रणातून येते.

तेल कमी होतं का, याचं उत्तर खाली मिळालं. गजन पिन काढली तर ती ओली, रॉडच्या छोट्या टोकाच्या पितळी बुशावर तेलाचा थर. मोठ्या टोकाचे रोलर चकचकीत, रॉडवर निळा रंग कुठेच नाही. तेल खरोखर कमी पडतं तेव्हा आधी बोंबलतो तो हाच भाग, कारण टू-स्ट्रोकमध्ये क्रँकला मिश्रणातल्या तेलाशिवाय दुसरा आधार नसतो. इथे खालचं घर तेलाने न्हालेलं आणि वर पिस्टन जळालेलं.

तेल वाढवल्याने गाडी जास्त लीन का झाली, हे एकदा आकड्यात मांडायला हवं. कार्ब्युरेटरचा जेट पेट्रोल आणि तेल वेगळं ओळखत नाही, तो द्रवाचं आकारमान सोडतो. लिटरला ४० मिली तेल असताना त्या द्रवात पेट्रोल ९६.२ टक्के असतं, ८० मिली असताना ९२.६ टक्के. म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल जवळपास पावणेचार टक्क्यांनी कमी गेलं. शिवाय दाट द्रव जेटमधून जरा हळूच वाहतो.

यात भर पंपावरच्या पेट्रोलची. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण अंदाजे सात टक्के लीन होतं. दोन्ही मिळून दहा टक्क्यांच्या घरात. १९७६ च्या जेटने ही भरपाई करण्याचा प्रश्नच नव्हता.

उन्हाबद्दल मात्र गैरसमज आहे. गरम हवा विरळ असते, त्यामुळे ४५ अंशांत मिश्रण लीन होत नाही, उलट किंचित घट्टच (पेट्रोल जास्त) होतं. उन्हाचा दोष एवढाच की सिलिंडरच्या पाकळ्यांवरून जाणारी हवा आधीच तापलेली असते आणि उष्णता उचलायची तिची ताकद घटते. ऊन गाडीला चुकीला माफ करू देत नाही. चूक मात्र दुसरीकडे असते.

पण दहा टक्क्यांनीही इंजिन चाळीस किलोमीटरवर जळत नाही. आणखी कुठून तरी हवा येत होती.

हवा कुठून

सुगावा आधीपासून समोर होता. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नव्हतं, चार-पाच सेकंद भणभणत राहायचं आणि मग सावकाश बसायचं. आधीच्या मिस्त्रीने आयडलचा स्क्रू ढिला करून तो आवाज मिटवला होता. मालकाला वाटलं, इंजिन मोकळं झालं. दुसरा सुगावा डायनॅमोच्या झाकणाखाली. पॉइंटवर (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांवर) आणि ब्रशवर पातळ तेलकट थर यायचा, तो दोनदा पेट्रोलने पुसला गेला होता. तो कुठून येतो हे कुणी विचारलं नाही. डायनॅमोकडचा सील गळत असेल तर पिस्टन खाली येताना मिश्रण बाहेर फुंकलं जातं आणि वर जाताना तिथूनच कोरडी हवा आत ओढली जाते. क्लचकडचा सील गळला असता तर गोष्ट वेगळी दिसली असती: गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जाऊन पांढरा धूर निघाला असता आणि तेलाची पातळी उतरत गेली असती. इथे धूर नव्हता.

दाबाच्या चाचणीला महागडं साधन लागत नाही. रक्तदाब मोजायचं डायलवालं यंत्र पुरतं, त्याचा हाताला गुंडाळायचा पट्टा तेवढा काढायचा. जुन्या प्लगमधलं पोर्सेलिन फोडून काढायचं, उरलेल्या लोखंडी कवचात नळी एपॉक्सीने बसवायची आणि ते प्लगच्या जागी आवळायचं. पिस्टन सर्वांत खाली आणायचं, म्हणजे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली तोंडं) उघडे राहून क्रँकच्या घरापर्यंत हवा जाते. दोन्ही एक्झॉस्ट आणि इनटेकची तोंडं जुन्या ट्यूबचं रबर आणि लोखंडी पट्टी लावून बंद करायची. मग रबरी फुगा दाबत काटा २५० मिलिमीटरपर्यंत न्यायचा. हा दाब चौरस इंचाला पाच पौंडांच्या जरा खाली येतो. याहून वर जायची गरज नाही, जास्त दाबाने सील उलटतो. चांगलं इंजिन पाच मिनिटांत वीस-तीस मिलिमीटर उतरतं. या गाडीचा काटा वीस सेकंदांत ६० वर आला. साबणाचं पाणी ब्रशने लावल्यावर डायनॅमोच्या बाजूला शाफ्टभोवती फेसाची फुलं उठली.

सील नवीन होता, हे खरं. तो ज्या शाफ्टवर फिरत होता तो जुना होता. अकरा पावसाळ्यांची ओल सीलच्या ओठाखाली साचून तिथे गंजाचे बारीक खड्डे पडले होते, आणि त्याशेजारी जुन्या सीलने झिजवलेली नखाला लागणारी खाच. नवा ओठ नेमका त्याच खाचेत बसला. त्यातही तो कोरडा बसवलेला, एका बाजूला ओठ दुमडलेला.

दुसरी गळती कार्ब्युरेटरच्या फ्लँजमध्ये, म्हणजे तो बोल्टने बसतो त्या सपाट तोंडाशी, निघाली. वर्षानुवर्षं बोल्ट आवळून त्याचे दोन्ही कान मागे वाकले होते. स्टीलची पट्टी धरली तर मधोमध ०.१५ चा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज जात होता. असा फ्लँज पॅकिंग जाड केल्याने सुधारत नाही. जाड पॅकिंगवर बोल्ट आणखी आवळले जातात आणि कान आणखी वाकतात. जाड काचेवर २२० नंबरचा एमरी कागद पसरून, थोडं डिझेल टाकून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासलं की अर्ध्या तासात तो सपाट होतो.

पुन्हा बांधणी

पिस्टन जाम झालेलं इंजिन फक्त वरून उघडून भागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा ट्रान्सफर पोर्टमधून खाली मोठ्या टोकात उतरतो. म्हणून क्रँकचं घर पुन्हा फोडावं लागलं. क्रँक केरोसीनमध्ये बुडवून, रॉड फिरवत, कॉम्प्रेसरच्या हवेने तीनदा धुतला. रॉडची उभी हालचाल शून्य हवी, आडवी थोडी असतेच आणि ती चालते. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला तर डगमग ०.०७ निघाली. ०.०३ च्या आत हवी. किट बसवताना प्रेसवाल्याने नजरेच्या अंदाजाने सरळ केला असणार. पितळी हातोड्याचे ठोके देत तो ०.०२ वर आणायला दुपार गेली. डगमगणाऱ्या शाफ्टवर कितीही चांगला सील टाका, त्याचा ओठ दर फेऱ्याला उचकटला जातो. त्यामुळे हे काम सीलच्याच खात्यात धरायचं.

खड्डे पडलेल्या जागेवर सील पुन्हा बसवायचा नव्हता. ८०० नंबरच्या एमरीने शाफ्टची कड मऊ केली आणि सील त्याच्या घरात दीड मिलिमीटर बाहेर ठेवून बसवला, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर चालतो. खाच रुंद असती तर शाफ्टवर पातळ स्टीलची बाही चढवावी लागली असती. सील वायटॉनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) घेतले. इथेनॉलला साधं नायट्राइल रबर तग धरतं, पण जुना साठा कधी बनलेला आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. ओठाला ग्रीसचा हलका हात, शाफ्टच्या टोकावरच्या खाचेवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून मगच सील सरकवायचा. आधीचा ओठ या खाचेनेच दुमडला होता.

बेअरिंगसाठी घर तापवायचं ते भट्टीत किंवा शेगडीवर लोखंडी पत्रा ठेवून, बर्नरची ज्योत थेट लावून नाही. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे, तेवढं पुरे. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं असलं की हाताने टपकन बसतं. ते सी-३ खुणेचं, म्हणजे आत जरा जास्त जागा असलेलं, घ्यायचं. साधं बेअरिंग घट्ट बसवल्यावर आणि चालताना तापल्यावर आतून आवळलं जातं.

सिलिंडरच्या भिंतीवर चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम काढायला बाजारात सर्रास संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरतात. ते बिडालाही खातं. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो आणि लोखंडाला हात लावत नाही. दोन चमचे सोडा कपभर थंड पाण्यात हळूहळू टाकून (उलट नाही), हातमोजे-चष्मा लावून, फक्त डागांवर कापडाने लावायचा. बुडबुडे थांबले की अ‍ॅल्युमिनियम संपलं. उघड्यावर करा, निघणारा वायू हायड्रोजन असतो. हे पाणी पिस्टनला किंवा इंजिनाच्या घराला लागू द्यायचं नाही.

साफ झाल्यावर भिंतीतले ओरखडे ०.०६ खोल निघाले. त्यामुळे ६५.७५ चा बोअर पुरला. भिंतीतून प्रत्येक बाजूला ०.१२५ निघतं. इथे लेथवाल्याला पिस्टन हातात द्यायचं, नंबर सांगायचा नाही. एकाच मापाच्या दोन पिस्टनांत ०.०२ चा फरक सहज असतो. पिस्टन मापायचं ते स्कर्टच्या (रिंगांखालच्या भिंतीच्या) खालच्या भागात, गजन पिनच्या काटकोनात. पिस्टनच्या डब्यात जागेचा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. इथे दिला नव्हता, म्हणून ०.०८ ठेवली. रिंगचं तोंड सिलिंडरमध्ये ०.२५ ते ०.३० मिलिमीटर.

बोअरनंतर पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या तशाच ठेवल्या तर रिंग पोर्टमध्ये जरा फुगते आणि कडेला अडकून तुटते. बारीक कानसेने, मग एमरीने, अर्धा मिलिमीटर गोलाई द्यायची. दोन एक्झॉस्ट पोर्ट असलेल्या या सिलिंडरवर ते काम दुप्पट असतं आणि म्हणूनच टाळलं जातं.

होन केलेला सिलिंडर पेट्रोलने किंवा डिझेलने स्वच्छ होत नाही. दगडाची भुकटी खाचांत तशीच राहते. गरम पाणी, भांडी घासायची पावडर आणि नायलॉनचा ब्रश. पांढरं फडकं आत फिरवून ते पांढरं बाहेर येईपर्यंत धुवायचं आणि वाळताक्षणी टू-टीचा हात फिरवायचा. खान्देशातल्या उन्हाळ्यात बिडाला गंज चढायला वेळ लागतो असं वाटतं, पण गरम पाण्याने धुतलेली भिंत दहा मिनिटांत तांबूस होते.

जोडताना तेल: मोठ्या टोकाच्या फटीत आणि दोन्ही मेन बेअरिंगांत मिळून दहा-बारा मिली टू-टी, रॉड हाताने फिरवत. छोट्या बुशात दोन थेंब, गजन पिनला बोटभर, स्कर्टला पातळ थर. रिंगांच्या खाचांत तेल ओतून ठेवायचं नाही, पहिल्या धुरात त्याचाच कोळसा होतो. सर्क्लिप (गजन पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) नवीन, आणि त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली, आडवं कधीच नाही. गिअरबॉक्समध्ये मोटरसायकलचं साधं मिनरल २० डब्ल्यू ४०, खुणेपर्यंत. क्लच त्याच तेलात बुडलेला असतो, म्हणून कारचं घर्षण कमी करणारं तेल नको. ट्रकच्या डिफरन्शियलचं जीएल-५ ही नको, त्यातला गंधक पितळी बुशांना पोखरतो.

बांधून झाल्यावर पुन्हा २५० चा दाब. पाच मिनिटांनी काटा २३५ वर. मग फ्रीज दुरुस्तीवाल्याचा व्हॅक्यूम पंप लावून उलटी चाचणी, कारण दाबाला टिकणारा ओठ ओढ लागली की कधीकधी सुटतो. त्यातही इंजिन टिकलं.

इंधन

आधी टाकीच्या कॉकची धार मोजली. मिनिटाला २०० मिली हवी, निघाली ११०. आत गंजाचे पापुद्रे जाळीवर बसले होते आणि झाकणाचं हवेचं छिद्र पोपडीने बुजलेलं होतं. हे छोटं वाटतं, पण सपाट रस्त्यावर दहा मिनिटं एकसारखा थ्रॉटल धरल्यावर कार्ब्युरेटरची वाटी हळूहळू रिकामी होते. दोन्ही वेळा गाडी अशाच रस्त्यावर थांबली होती.

मेन जेट मोठा केला. जेटच्या भोकाचा व्यास ४ टक्क्यांनी वाढवला की क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं. इथेनॉलची भरपाई जवळपास एवढीच लागते. सुई एक खाच वर. तारेने भोक मोठं करू नये, ते वाकडं होतं आणि परत येता येत नाही.

तेल जॅसो एफसी किंवा एफडी खुणेचं (टू-स्ट्रोक तेलाच्या दर्जाची जपानी खूण) टू-टी. चारचाकीचं इंजिन ऑइल नाही, त्याच्या राखेने प्लगमध्ये पूल बनतो. पहिले ५०० किलोमीटर १:२०, म्हणजे ५ लिटरला २५० मिली. पुढे १:२५, म्हणजे २०० मिली. मिश्रण डब्यात करायचं: निम्मं पेट्रोल, सगळं तेल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. टाकीत आधी तेल ओतून कॉक उघडा ठेवला तर ते सरळ वाटीत उतरतं. गाडी तीन-चार आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि वाटी रिकामी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते प्रमाणाबाहेर गेलं की पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं, आणि तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. कॉक तळातून ओढतो.

पॉइंटची फट ०.४, प्लगची ०.६. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. उशिरा पडलेली ठिणगीसुद्धा एक्झॉस्ट तापवते, म्हणून पहिल्या ३०० किलोमीटरवर ती पुन्हा पाहिली.

रस्त्यावर

मे महिन्यात सकाळी सहाला निघून आठच्या आत घरी. पहिल्या दिवशी पाच-पाच किलोमीटरचे चार फेरे, मध्ये इंजिन हाताला सोसेल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं. एकाच वेगात पाच मिनिटांहून जास्त नाही, थ्रॉटल थोडा वाढवत, थोडा सोडत. सोडताना पिस्टन थंड होतं आणि घासलेल्या जागी तेल पोचतं.

सातपुड्यातला पालचा घाट २०० किलोमीटरनंतर. चढणीची भीती असते, पण सांभाळायची उतरण. गिअरमध्ये, थ्रॉटल बंद, इंजिन वेगात फिरतंय आणि तेल मात्र आयडलच्या हिशेबाचं येतंय. दर आठ-दहा सेकंदांनी थ्रॉटल क्षणभर उघडायचा किंवा क्लच दाबून ब्रेकवर उतरायचं.

८०० किलोमीटरनंतर सायलेन्सर काढून पोर्टमधून बॅटरी मारली. होनच्या तिरक्या रेषा शाबूत, एक्झॉस्टच्या बाजूला एकही ओरखडा नाही. प्लग फिकट तपकिरी. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन दोन सेकंदांत आयडलवर येतं. पॉइंट कोरडे. किकच्या शाफ्टपाशी गिअरबॉक्सच्या तेलाचा एक थेंब रोज रात्री पडतो. तो सील पुढच्या वेळी. तोवर खाली पुठ्ठा ठेवला आहे.